माळ्यावरच्या डब्यातल्या शिवराया: कळक काढू की राहू देऊ?

समुद्रगाज | १८ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. नाण्यांतलं मला काही कळत नाही, म्हणून इथे विचारते आहे.

वेळणेश्वरला माझं आजोळ. पावसाआधी मामा कौलं उतरवून वासे बदलून घेत होता, तेव्हा माळ्यावर कणगीच्या मागे एक पितळी डबा निघाला. आत खारव्याच्या फडक्यात बांधलेली ४१ तांब्याची नाणी. आजीच्या तोंडून या डब्याबद्दल कोणी कधी ऐकलं नव्हतं. घर समुद्रापासून जेमतेम तीनशे पावलांवर आहे, खारं वारं बारा महिने.

नाणी जाड, ओबडधोबड, एकही नीट गोल नाही. १७ तपकिरी आहेत, ८ काळी, ११ हिरवी पडलेली. तीन एकमेकांना घट्ट चिकटून गठ्ठा झालाय. उरलेली दोन मामीनं चिंच आणि मीठ लावून घासली. ती गुलाबी निघाली, एकावर ‘राजा’ स्पष्ट दिसतंय. बाकीचीही घासायला घेणार होती, मीच म्हटलं आधी विचारू या.

ही शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, आहेत का? तांब्यावर चढलेला हा हिरवा कळक काढायचा कसा? आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात ठेवायची कुठे?

वाटेवरचा | १८ मे, रात्री १०.०५

अभिनंदन! आमच्याकडे अर्धं लिंबू मिठात बुडवून घासतात, मग राखेनं पुसतात. पाच मिनिटांत नव्यासारखं. एक करून बघा आणि फोटो टाका.

तांबडमाती | १८ मे, रात्री १०.३१

ताई, थांबा. मामींनाही थांबवा. लिंबू, चिंच, व्हिनेगर, भांडी घासायची पावडर, टूथपेस्ट, काहीच नको.

मी साताऱ्याचा, तीस वर्षं तांब्याची नाणी जमवतोय. कारण सांगतो. तांबं कळकतं तेव्हा आतला धातू हळूहळू बाहेर येतो आणि हवेशी, पाण्याशी, मातीशी जुळून त्याचा थर धरतो. पेटीच्या फळीवर धूळ बसावी तसा हा थर वरून बसलेला नसतो. तो नाण्याचाच झालेला असतो. दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी ठोकताना अक्षराला जो काठ आला, तो पुष्कळदा या थरातच राहिलेला असतो, खाली राहिलेल्या धातूत नाही. आम्लानं थर विरघळवला की काठही गेला. खाली उरतं ते गुलाबी, खड्ड्याखड्ड्यांचं तांबं. चकचकीत दिसतं, वाचता मात्र येत नाही.

पंचविशीत मी एका सोनाराकडून पातळ केलेलं आम्ल आणलं आणि एका रात्रीत ६० शिवराया धुतल्या. त्यांतल्या दहाबारांवर त्या संध्याकाळपर्यंत अक्षरं होती. सकाळी नव्हती. ते ताट अजून माझ्या कपाटात आहे. नवीन कोणी आलं की आधी तेच दाखवतो.

आणि वाटेवरचे दादा, लिंबाबरोबर मीठ म्हणजे दुहेरी घात. तांब्याचा खरा वैरी मिठातला क्लोराइड. तो नाण्याच्या छिद्रात शिरला की वर्षानुवर्षं आतून खात राहतो.

आता ताई, एवढंच करा. नाणी खारव्यातून काढून कोऱ्या पांढऱ्या कागदावर सुटी ठेवा. प्रत्येकाला क्रमांक द्या. सोनाराकडचा किंवा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा मिळाला तर वजन घ्या. फोटो फ्लॅश लावून काढू नका. सकाळी खिडकीतून तिरपा उजेड येतो त्यात काढा, म्हणजे अक्षरांना सावली पडते. गठ्ठ्याला चाकू लावायचा नाही.

वाटेवरचा | १८ मे, रात्री १०.५०

हे मला खरंच माहीत नव्हतं. आजवर चांगलं समजून करत आलो. ताई, माझा सल्ला मागे घेतो.

समुद्रगाज | २१ मे, दुपारी ४.१२

गुहागरच्या सोनाराकडे जाऊन वजनं करून आणली. सुट्या ३८ पैकी ३६ नाणी ७.९० ते ९.७५ ग्रॅमच्या मध्ये आहेत. दोन मात्र जड, ११.२० आणि १०.९६. गठ्ठा ३४.१० ग्रॅम. बऱ्याच नाण्यांवर अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा आहेत. अक्षरं अर्धवट, कुठे ‘छत्र’, कुठे नुसतं ‘पति’. तुटली आहेत का ती?

फोटो जोडलेत, १ ते ३८.

तांबडमाती | २१ मे, रात्री ८.२०

तुटलेली नाहीत. शिवराईचा ठसा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असे. हातानं घणाचा घाव घालून पाडलेलं नाणं, ठशाचा जेवढा भाग चकतीवर आला तेवढाच उमटला. काठावर अर्धं राहिलेलं अक्षर हा दोष धरू नका. पाडतानाच ते तसं झालेलं आहे.

त्या दोन रेघांवरून नाव पडलंय ‘दुदांडी शिवराई’. ही उत्तर पेशवाईतली, आणि १८१८ मध्ये राज्य गेल्यावरही काही वर्षं पाडली गेली. काहींवर फसली सनाचे, म्हणजे महसुलासाठीच्या जुन्या कालगणनेचे, आकडे सापडतात. आकडा दिसला तर त्यात ५९० मिळवा, इसवी सन साधारण कळेल. तुमच्या १२ क्रमांकाच्या फोटोत खालच्या दांडीखाली काहीतरी आहे, ते भिंगाखाली बघा.

पहिली शिवराई १६७४ ची, रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याच्या होनाबरोबर पाडलेली. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र / पति’, भोवती मण्यांची किनार. वजन ११ ते १३ ग्रॅमच्या आसपास. म्हणून तुमची दोन जड नाणी आणि गठ्ठा यांच्याकडे माझं लक्ष गेलंय. ३४.१० भागिले ३ म्हणजे ११ च्या वर.

पण वजनावर एकट्यानं भरवसा ठेवू नका. कळकलेल्या नाण्याचा धातू गेलेला असतो आणि वर थर, माती चढलेली असते. ते हलकंही भरतं, जडही भरतं. आधी अक्षरांचं वळण, मग किनार, मग वजन, या क्रमानं बघायचं.

किमतीचं कोणी विचारेलच म्हणून आत्ताच सांगतो. फोनवर फिरणारे ‘शिवराई द्या, लाखो घ्या’ असले निरोप फसवणुकीचे असतात. आगाऊ नोंदणी शुल्क मागतात आणि गायब होतात. दुदांडी पुष्कळ सापडते. तिचं मोल अक्षर किती उठून आहे आणि पृष्ठभाग किती अस्पर्श आहे यावर ठरतं. घासलेल्या नाण्याला जाणकार हात लावत नाही.

कुपिका | २२ मे, सकाळी ७.५५

मी रसायनशास्त्र शिकवते, आणि काही वर्षं धातूच्या वस्तूंच्या जतनाचं काम केलं आहे. ताईंचे फोटो पाहिले. तांबडमाती काका म्हणाले त्यात एक भर घालते, कारण या ४१ नाण्यांचं पुढे काय करायचं ते त्यावर ठरेल.

हिरवा रंग दोन जातींचा असतो. एक विसावलेला, एक जिवंत.

तपकिरी-तांबूस थर हा क्युप्राइट, म्हणजे तांब्याचा पहिला ऑक्साइड. काळा थर दुसरा ऑक्साइड किंवा गंधकामुळे झालेला तांब्याचा सल्फाइड. गडद, घट्ट, नखानं न निघणारा हिरवा थर बहुधा मॅलाकाइट, म्हणजे तांब्याचा कार्बोनेट. क्वचित त्यात ॲझुराइटचा निळा ठिपका दिसतो. हे सगळे थर स्थिर असतात. ते धातूवर पांघरुणासारखे बसून पुढचा कळक मंदावतात. तुमची तपकिरी १७ आणि काळी ८ मला निरोगी वाटतात.

जिवंत हिरवा वेगळा. फिकट, पोपटी, भुकटीसारखा, ठिपक्याठिपक्यांनी उगवणारा. काडीनं टोचला की सुटतो आणि खाली खड्डा दिसतो. याला जतनवाले ‘ब्राँझचा रोग’ म्हणतात, पण तो शुद्ध तांब्यालाही होतो. खाऱ्या हवेतला क्लोराइड धातूपर्यंत पोचून तिथे क्युप्रस क्लोराइड करून ठेवतो, राखाडी, मेणचट. कोरड्यात तो गप्प असतो. ओल आणि ऑक्सिजन मिळाला की त्याची पोपटी भुकटी होते आणि त्या क्रियेत हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं. ते आम्ल नवं तांबं खातं, पुन्हा क्युप्रस क्लोराइड बनतो, पुन्हा ओल, पुन्हा भुकटी. बाहेरून कोणी काही घालायची गरज उरत नाही. वरची भुकटी पुसून टाकली म्हणून हे थांबत नाही, मूळ खालीच असतं.

हवेतली आर्द्रता ४२ टक्क्यांच्या वर गेली की हे सुरू होऊ शकतं. कोकणात पावसाळ्यात ८५-९० असते. म्हणून तुमच्याकडे घाई साफ करण्याची नाही, पाऊस लागायच्या आत जिवंत नाणी वेगळी काढण्याची आहे.

घरी करता येणारी पारख अशी. झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाशी ओल्या कापसाचा बोळा, वर प्लास्टिकची जाळी, जाळीवर नाणी, कापसाला न टेकता. झाकण लावून २४ ते ४८ तास ठेवा. पारखीच्या आधी आणि नंतर त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढा. ज्यावर नवे पोपटी ठिपके उगवले ते जिवंत. उरलेली लगेच सुकवून घ्या. आणि ही पारख एकदाच करायची. दर आठवड्याला करत बसलात तर तुम्हीच रोगाला खतपाणी घालाल.

कृष्णाकाठ | २२ मे, दुपारी १.३०

धागा वाचून मन अस्वस्थ झालं म्हणून लिहितोय. आमच्या वाईच्या घरी देव्हाऱ्यात एक शिवराई आहे. माझ्या पणजोबांच्याही आधीपासून. दर सणाला टाकांबरोबर ती चिंचेनं उजळतात, मग पंचामृत, मग हळदकुंकू. आज तिच्यावर एकही अक्षर नाही, नुसती गुळगुळीत चकती. लहानपणी बोटाखाली ‘छत्र’ लागायचं असं वडील सांगतात.

पूजा थांबवावी असं मला वाटत नाही. ती आमच्या घरात नाणं म्हणून नाहीच. पण हे असंच चालू द्यायचं का?

तांबडमाती | २२ मे, रात्री ९.०५

कृष्णाकाठ, तुमच्या घरच्या त्या चकतीला मी इथूनच हात जोडतो. अक्षरं गेली ती आळसानं गेली नाहीत, भक्तीनं गेली. ती देव्हाऱ्यातच राहू द्या.

फक्त अभिषेक आणि चिंच बाकीच्या देवांना. शिवराई एका लहान वाटीत कोरड्या अक्षतांवर ठेवा, वर फूल वाहा. हळदकुंकू अक्षतांना लावा, धातूला नको. दुधात, दह्यात आम्ल असतं, मध आणि साखर ओल धरतात, आणि हे खाचेत राहून गेलं की तिथेच कळक उगवतो. आमच्या घरीही हाच बदल केला. आई आधी नाराज होती. मी तिला जुना फोटो आणि आत्ताचा फोटो शेजारी ठेवून दाखवले, मग तिनंच वाटी काढून दिली.

वडिलांना त्या शिवराईबद्दल आठवेल ते एका कागदावर लिहून घ्या, तारखेसह. अक्षर कुठे होतं, कोणत्या बाजूला, किनार होती का. नाण्यावरचं गेलं, निदान त्यांना आठवतंय ते तरी राहू दे.

माळीण_तुळस | २३ मे, सकाळी ११.२०

खोबरेल तेलात बुडवून ठेवलं तर? माझ्या सासऱ्यांनी एक ढब्बू पैसा महिनाभर तेलात ठेवला होता, तेल छान हिरवं झालं आणि नाणं स्वच्छ.

कुपिका | २३ मे, दुपारी १२.०२

ते तेल हिरवं झालं म्हणजे नाण्याचं तांबं तेलात उतरलं. खोबरेल असो, शेंगदाण्याचं असो की ऑलिव्हचं, वनस्पती तेलात मेदाम्लं असतात. ती थराला हळूहळू खातात. लिंबापेक्षा सावकाश, पण दिशा तीच. नुसती माती मऊ करायची असेल तर औषधांच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन बरं. ते तांब्याशी काहीच करत नाही. मात्र जिवंत हिरव्यावर तेही नको, खालची ओल आणि क्लोराइड आतच कोंडून राहतात.

मांडवीतीर | २४ मे, रात्री ८.४५

पणजीहून. आईच्या माहेरची पोर्तुगीज काळातली काही तांब्याची नाणी मी पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या हौसेनं अल्बममध्ये लावली, पारदर्शक कप्प्यांचा, मऊ प्लास्टिकचा. आज उघडलं तर कप्पे आतून चिकट आणि नाण्यांवर हिरवट ओशट थर. हाही रोगच का?

कुपिका | २४ मे, रात्री ९.३०

नाही, हा अल्बमचा दोष. ते मऊ, वासाचं प्लास्टिक म्हणजे पीव्हीसी. ते जुनं होताना त्यातून आम्ल आणि मऊपणा आणणारी तेलं सुटतात, दमट हवेत जास्तच. वेळेत बघितलंत म्हणून बरं होईल. शुद्ध ॲसिटोन घ्या, प्रयोगशाळेच्या साहित्याच्या दुकानात मिळतं. नखांचं पॉलिश काढायचं नको, त्यात सुगंध आणि तेल असतं. काचेच्या वाटीत नाणं ॲसिटोनमध्ये बुडवून ठेवा, ओशटपणा सुटेल. दुसऱ्या स्वच्छ ॲसिटोनमधून काढा, घासू नका, सुकू द्या. खिडक्या उघड्या ठेवा, जवळपास गॅस, समई, उदबत्ती काही नको. ते क्षणात पेट घेतं.

अल्बम टाकून द्या. पॉलिस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे कप्पे मागा. ते कडक असतात, वास येत नाही. रबरबँड, वर्तमानपत्र, प्लायवूडचा खण हेही टाळा. रबरातून गंधक सुटतं, प्लायवूडमधून आम्लाच्या वाफा.

गोदाकाठचा_पोऱ्या | २६ मे, सकाळी ६.५०

आमचं गाव पैठणजवळ. पहिला पाऊस पडून गेला की पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, मातीत बारकी नाणी वर येतात. लहानपणी आम्ही वेचायचो. माझ्याकडं डब्यात पंधरा-वीस आहेत, काळपट, काही पांढुरकी. तीबी अशीच धुवायची का?

तांबडमाती | २६ मे, सकाळी ९.१५

भाऊ, दोन गोष्टी सांगतो.

पहिली धातूची. पैठण, तेर, नेवासे या भागात सातवाहनांची नाणी मिळतात. त्यांतली पुष्कळशी शिशाची किंवा पोटिनची, म्हणजे तांबं, शिसं, कथील यांच्या मिश्रणाची. पांढुरकी भुकटी बहुधा शिशाची. ती विषारी, नुसत्या हातानं धरू नका, पोरांच्या हाती देऊ नका. शिवराईसाठी इथे जे सांगितलंय ते त्यांना लागू नाही. लाकडी पेटीत तर अजिबात नको, लाकडातल्या आम्लाच्या वाफांनी शिसं पांढरं होऊन झडतं.

दुसरी कायद्याची. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असा १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, तो आजही चालतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार देशाबाहेर नेता येत नाहीत. आणि संरक्षित टेकाडावरून तर खापराचा तुकडाही उचलायचा नसतो. लहानपणी वेचलीत, समजू शकतो. आता तहसीलदारांकडे जाऊन सांगा, आणि नाणी कोणत्या वावरात, कोणत्या बांधाला मिळाली ते लिहून ठेवा. जागा हरवली की नाण्याची निम्मी गोष्ट हरवते. नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था नाशिकजवळ अंजनेरीला आहे, नाण्यांवरची अक्षरं वाचून घ्यायला तिकडे विचारता येईल.

गोदाकाठचा_पोऱ्या | २६ मे, रात्री ९.०२

शिशाचं माहीतच नव्हतं. पोरगी रोज खेळायची त्या डब्याशी. आज कपाटावर ठेवला. सोमवारी तहसीलला जातो.

समुद्रगाज | १ जून, संध्याकाळी ६.१०

पारख केली, चार खेपांत. ४८ तास.

सहा नाण्यांवर पोपटी ठिपके उगवले. पाच हिरव्यांपैकी, आणि सहावं मामीनं चिंच-मीठ लावलेलं! ज्याच्यावर ‘राजा’ दिसत होतं तेच. ‘जा’च्या कान्यापाशी दोन ठिपके. मामी फार हळहळली. गठ्ठा मी पारखीत घातलाच नाही, धीर झाला नाही.

आता या सहांचं काय करू?

कुपिका | १ जून, रात्री ८.४०

मामींना सांगा, त्यांनी दोनावर थांबून ३९ वाचवली.

सहा वेगळी. त्यांचा डबाही वेगळा. भिंगाखाली पोपटी भुकटी कोरडीच, लाकडी काडीनं उकरून काढा, तोंडाला रुमाल बांधून. धातूची सुई नको.

तांबडमाती | १ जून, रात्री ८.५५

मध्येच बोलतो. मी बाभळीचा वाळलेला काटा वापरतो. तो थरापेक्षा मऊ, मातीपेक्षा कडक. टोक बोथट झालं की दुसरा घ्यायचा.

कुपिका | १ जून, रात्री ९.१०

उत्तम. मग भिजवण. निर्जल सोडियम कार्बोनेट २८ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा २२ ग्रॅम, एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात. हे सोडियम सेस्क्विकार्बोनेटचं सुमारे ५ टक्क्यांचं द्रावण. धुण्याच्या सोड्याचे खडे निर्जल नसतात, त्यांत निम्म्याहून जास्त पाणीच असतं, म्हणून वजनाचा हिशेब चुकतो. निर्जल असं लिहिलेलंच घ्या. डिस्टिल्ड पाणी म्हणून पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी चालेल, पण लेबल वाचून, शेजारीच बॅटरीचं आम्लही विकायला असतं. नळाचं आणि विहिरीचं पाणी नको, त्यात क्लोराइड असतोच, तुमच्या विहिरीत तर नक्की.

काचेच्या बरणीत नाणी एकमेकांना न टेकता ठेवा. दर आठवड्याला द्रावण बदला. हे काम आठवड्यांचं, कधी महिन्यांचं. शाळेच्या प्रयोगशाळेत ओळख असेल तर काढलेल्या द्रावणात नायट्रिक आम्ल घालून फसफस थांबू द्या आणि मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाका. पांढरं गढूळ झालं तर क्लोराइड अजून येतोय. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात बरेच दिवस, पाणी बदलत, मग ॲसिटोन, मग सुकवणं.

एक जोखीम आधीच सांगते. या द्रावणानं थराचा रंग बदलू शकतो, निळसर झाक येऊ शकते. म्हणून हे फक्त जिवंत नाण्यांना. बाकी ३२ ना मऊ ब्रशनं कोरडी धूळ झटकण्यापलीकडे काही करू नका.

बेंझोट्रायझोल नावाचं रसायन जतनवाले वापरतात. ते तांब्यावर पडदा धरतं, पण घातक आहे, घरात नको. तशी वेळ आली तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात जतन केंद्र आहे, तिथे विचारा.

गठ्ठा डिस्टिल्ड पाण्यात वेगळ्या वाटीत ठेवा. पाणी बदलत राहा. सुटला तर सुटला.

समुद्रगाज | १९ जुलै, रात्री १०.१५

सगळं ठाण्याला घेऊन आले, आजोळी मामाला हे रोजचं जमणार नव्हतं. खोलीत आर्द्रता ८८. नाण्यांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवलाय, तो ३१ दाखवतोय. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर तापवून पुन्हा वापरते. बत्तीस नाणी गप्प आहेत.

सहाचं पहिल्या दोन आठवड्यांचं द्रावण फिकट निळं झालं होतं, आता निळेपणा कमी होतोय.

१२ क्रमांकाच्या दांडीखाली आकडा नाही, तो थराचाच उंचवटा होता.

तांबडमाती | १९ जुलै, रात्री १०.४०

बरं झालं तुम्ही उकरला नाहीत आणि नुसता बघितलात. चूक माझी, फोटोवरून मी घाई केली.

समुद्रगाज | २ नोव्हेंबर, सकाळी ८.३०

दिवाळीच्या सुट्टीत सगळं पुन्हा तपासलं.

सहापैकी चार नाण्यांवर दुसऱ्या पारखीत काहीही उगवलं नाही. त्यांत मामीचंही आहे, ‘राजा’ शाबूत. त्याचा गुलाबी रंग मंदावून तपकिरीकडे चाललाय. उरलेल्या दोनांवर पुन्हा ठिपके आले. ती दोन आता घरी करणार नाही, संग्रहालयाच्या केंद्रात विचारते.

आणि गठ्ठा! सप्टेंबरच्या अखेरीस एका सकाळी पाणी बदलायला वाटी हलवली तर वरचं नाणं आपोआप सरकलं. दुसरं दहा दिवसांनी. मी बोटसुद्धा लावलं नव्हतं. वजनं ११.४२, ११.०५ आणि ११.३१. बाहेरच्या दोन नाण्यांची हवेकडची बाजू साधारणच आहे. पण मधलं नाणं दोन्हीकडून झाकलेलं होतं. त्याच्यावर एका बाजूला ‘श्री / राजा’ आणि खाली ‘सिव’ की ‘शिव’ मला कळत नाही, दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’, आणि डावीकडे मण्यांची किनार, मी अकरा मणी मोजले. दांड्या नाहीत. फोटो तिरप्या उजेडातले आहेत.

तांबडमाती | २ नोव्हेंबर, सकाळी ९.०२

ताई, अर्धा तास फोटोच बघतोय. पहिलं अक्षर ‘सि’ वाटतं, डाव्या दांडीची गाठ बघा. लिहिणाऱ्यांनी दोन्ही तऱ्हेनं लिहिलंय, त्यामुळे ‘सिव’ असलं तरी खोटं ठरत नाही. ओतीव नकलेला बारीक बुडबुडे आणि काठावर सांधा असतो, इथे दोन्ही नाहीत.

लगेच राज्याभिषेकाचं म्हणू नका. हाच मजकूर पुढच्या छत्रपतींच्या काळातही चालू राहिला. दुदांडीच्या आधीचं आहे एवढं मी खात्रीनं म्हणेन. तिन्ही नाणी एकत्रच ठेवा, कोणती कोणाला कुठे चिकटली होती त्याचं चित्र काढून. आणि गठ्ठ्यातून सुटलेले पापुद्रे फेकू नका.

समुद्रगाज | २ नोव्हेंबर, दुपारी ३.४५

फेकले नाहीत. ०.३२ ग्रॅम भरले, छोट्या बाटलीत घालून त्याच डब्यात ठेवलेत. प्रत्येक नाण्याला कागदी चिठ्ठी केली आहे. मधल्या नाण्याची मामीनं तिच्या अक्षरात लिहिली:

“क्र. ४०. तांबे. ११.०५ ग्रॅम. वेळणेश्वर, घरचा माळा, कणगीमागे, पितळी डबा. ३९ आणि ४१ च्या मध्ये चिकटलेले. पाण्यात सुटले. घासलेले नाही.”

खारव्याचं फडकंही वेगळ्या पिशवीत ठेवलंय. डबा आता फाल्गुनात उघडेन.